टबातली मरळ आणि पेटीतले नऊ मासे

मिरगाच्या आदल्या दिवशी मी हैदराबादेत होतो. गोव्यात त्या दिवसांत नुस्त्याची काय पंचाईत असते हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. बाजारात मिळाले तर बर्फातले, नाहीतर खाडीतले थोडेफार, आणि भाव विचारायची सोय नाही. पहिला जोराचा पाऊस पडला की शेतांत, वहाळांत चडणीचे मासे मिळतात, तेवढाच काय तो दिलासा. अशा दिवसांत समुद्रापासून अडीचशे-तीनशे किलोमीटर आत वसलेल्या शहरात मासळीबाजार माणसांनी फुललेला पाहायला मिळेल असे मला वाटले नव्हते.

माझा मावसभाऊ चाळीस वर्षे हैदराबादेत आहे. घरात मराठी, नोकरीत तेलुगू आणि रस्त्यावर दखनी अशी त्याच्या जिभेची वाटणी झालेली आहे. त्या सकाळी तो मला बेगम बाजारात घेऊन गेला. मला खारका-बदाम हवे होते आणि हिला पितळेची समई. बेगम बाजार म्हणजे हैदराबादचे घाऊक कोठार. भांडी, सुकामेवा, मसाले, प्लास्टिक, पूजेचे सामान, काय म्हणाल ते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार रोज भरला आणि गल्लीबोळांत कोंबला तर कसा दिसेल, तसा. सोबत भावाची आठ वर्षांची नात होती. समई घेऊन झाली आणि तीच हट्टाने आम्हाला मासळीबाजारात घेऊन गेली.

हैदराबादेतल्या मोठ्या मासळीबाजारांपैकी हा एक. रोहू, कटला वगैरे मासे बर्फावर निमूट पडलेले. हा माल बराचसा आंध्रातल्या कोल्लेरू तळ्याच्या परिसरातल्या मत्स्यतळ्यांतून येतो. पण गर्दी होती ती टबांभोवती. टबांत जिवंत मरळ. तेलुगूत तिला कोरमेनू म्हणतात. काळपट अंग, सापासारखे चपटे डोके, आणि पाणी इतके कमी की वरच्या माशांच्या पाठी उघड्याच पडलेल्या. मी मोजायचा प्रयत्न केला. एका टबात पंचवीसपर्यंत पोहोचलो आणि नाद सोडला, कारण त्या एकमेकींच्या अंगाखालून सरकत होत्या. न राहवून मी विक्रेत्याला विचारले, एका टबात किती ठेवता येतात? तो म्हणाला, "जित्ते आए उत्ते डाल दो साब. ये मुरेल है, ऊपर आके हवा पी लेती. रोहू को नक्को डालो, मर जाती."

(दखनीतले हे 'नक्को' आपल्या मराठीचेच. हैदराबादेत कुणी नकार दिला तरी मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते, ते यामुळे.)

नातीने मात्र त्या उत्तरातला पहिला भागच ऐकला. तिला वाढदिवसाला माशांची काचेची पेटी हवी होती आणि आजोबा टाळाटाळ करत होते. ती माझा हात ओढत म्हणाली, "गोव्याचे आजोबा, एवढ्याशा टबात पंचवीस राहतात, तर आपल्या पेटीत शंभर राहतील ना?"

मी गप्प बसलो. मला आमचे नऊ मासे आठवले. त्यांच्याकडे येतो, पण आधी या बाजाराचे थोडे सांगतो.

बेगम बाजार मुसी नदीच्या उत्तर काठावर, अफझलगंजला लागून. दुसरे निजाम, म्हणजे १७६२ ते १८०३ या काळात राज्य करणारे निजाम अली खान, यांची पत्नी हमदा बेगम हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. एकोणिसाव्या शतकात इथे मारवाडी आणि गोसावी सावकारांच्या पेढ्या होत्या आणि निजामाचे सरकार त्यांच्याकडून कर्ज काढत असे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला तेव्हा या भागाची धूळधाण झाली. शहरात हजारो माणसे गेली. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली अशी हकीकत आहे. पुढे विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले आणि उस्मानसागर, हिमायतसागर ही धरणे झाली. पाण्याने काय करून ठेवले ते या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तर मिरग. आपल्याकडे कोकणात मिरगाला शेताच्या राखणदारासाठी कोंबडे पडते. तेलंगणात मृगशिरा कार्ते लागली की त्या दिवशी मासे खायचे. उन्हाळा संपून हवा पालटते, अंगात ऊब राहावी म्हणून, असे भावाने सांगितले. त्यातही मान मरळीचा. याच दिवशी बेगम बाजारापासून फार दूर नसलेल्या नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर 'फिश प्रसादम' असतो. बत्तिनी गौड घराण्यातले लोक मरळीच्या दोन-तीन इंची जिवंत पिलाच्या तोंडात पिवळसर औषधाची गोळी घालतात आणि दम्याचा रोगी ते पिलू तसेच्या तसे गिळतो. ही परंपरा १८४५ पासूनची, एका साधूने पूर्वजाला दिलेली, असे घराणे सांगते. पैसे घेत नाहीत. मांसाहार न करणाऱ्या शिवराक मंडळींना तेच औषध गुळातून! डॉक्टरांनी आणि विवेकवादी संघटनांनी आक्षेप घेतले, प्रकरण न्यायालयातही गेले, आणि 'औषध' म्हणायचे ते 'प्रसाद' म्हणू लागले. त्याने दमा बरा होतो असे शास्त्राने दाखवलेले नाही, एवढे सांगून मी तो विषय सोडतो. मला त्यात कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. या एका दिवसासाठी सरकारचे मत्स्यखाते हजारो पिले, काही वर्षी तर लाखाच्या घरात, टबांतून आणि टाक्यांतून त्या मैदानावर आणते. इतके जीव इतक्या थोड्या पाण्यात तासन्‌तास राहतात कसे?

उत्तर विक्रेत्याने दिलेलेच आहे. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेचा एक कप्पा असतो. ती मधूनमधून पृष्ठभागावर येते, तोंडाने हवा घेते आणि त्या कप्प्यातून प्राणवायू रक्तात ओढते. इतकेच नव्हे, तिला वर येऊ दिले नाही तर मोठी मरळ पाण्यात बुडून मरते. मासा बुडून मरतो हे ऐकायला विचित्र वाटते, पण खरे आहे. उन्हाळ्यात आटत चाललेल्या तळ्यांच्या चिखलात तग धरण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. रोहूला ती नाही. आणि आपण घरात ठेवतो त्या गोल्डफिशलाही नाही.

आता आमचे नऊ मासे.

२००५ सालची गोष्ट. त्या वर्षांत फेंगशुईचे वेड गोव्यातही घरोघर शिरले होते. दारात घंट्या, टेबलावर हसणारा बुद्ध, तीन पायांचा बेडूक. एका परिचितांनी आम्हाला सांगितले, घरात माशांची पेटी ठेवा. नऊ गोल्डफिश हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा. आकडा महत्त्वाचा. काळा मासा घरावरचे अरिष्ट स्वतःवर घेतो. मी स्वतः असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही असे सर्वांना सांगत असे, आणि तरी एका शनिवारी शहरात जाऊन दोन फुटी पेटी आणि बरोबर नऊ मासे घेऊन आलो. दुकानदाराने पेटी, खडे, प्लास्टिकचे झाड, हवेचा पंप आणि मासे सगळे एकाच वेळी दिले. संध्याकाळी पेटी भरली, रात्री मासे सोडले. किती सुंदर दिसत होते म्हणून सांगू! शेजारची मुले बघायला आली.

चौथ्या दिवशी पहाटे उठलो तर सगळे मासे वर येऊन तोंडे उघडमीट करत होते. मला वाटले, भूक लागली असेल. मी खाणे घातले. (आज हे लिहितानाही लाज वाटते.) पाचव्या दिवशी काळा मासा गेला. परिचित म्हणाले, "बघा, घरावरचे संकट गेले! आता नवा काळा आणा." आणला. तो दोन दिवस टिकला. मग एकेक करून सोनेरी. महिन्याभरात सोळा-सतरा मासे आणले असतील, आणि शेवटी पेटीत उरले दोन. ते दोन मात्र पुढे चार वर्षे जगले. तेव्हा मला वाटले, ते चिवट होते. खरे कारण कळायला मला पुस्तके उघडावी लागली.

माशांना काचेत ठेवायची हौस तशी जुनी, आणि या गोल्डफिशचा प्रवास आपल्या ओळखीच्या वाटेने झालेला. तो मूळ चीनचा. मातकट रंगाच्या, खायच्या माशांत कधीतरी एखादा तांबूस-सोनेरी निघाला, बौद्ध मठांच्या तळ्यांत तो जपला गेला, आणि सुंग राजवटीत त्याची मुद्दाम पैदास होऊ लागली. युरोपात तो प्रथम पोर्तुगालमध्ये आला, १६११ च्या सुमारास असे पुस्तकांतून सांगतात. मकाव ते लिस्बन हा जलमार्ग तेव्हा गोव्यावरून जात असे. त्या जहाजांतली पिंपे मांडवीत थांबली असतील का, हे विचारायला आता कुणी नाही, पण मला ती शक्यता आवडते. १६६५ च्या मे महिन्यात लंडनच्या सॅम्युअल पेपिसने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की पाण्याच्या काचपात्रात ठेवलेले परदेशी, नक्षीदार मासे पाहिले आणि ते तसेच कायम जगतात म्हणे. 'कायम' हा शब्द बघा. त्याने ते एकदाच पाहिले होते.

आपल्याकडे मासे पाळणे म्हणजे तळ्यात पाळणे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरणच आहे, माशांच्या जाती, त्यांचे खाणे आणि गळ टाकण्याची कला यांवर. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, पुढे निजामाच्याच राज्यात गेलेले. आणि आपले गोव्याचे कदंब हे त्याच चालुक्यांचे मांडलिक. पण या सगळ्यात तळे मोठे आणि मासे त्यात आपसूक वाढणारे. देवळाच्या तळीत मासे किती असावेत हे कुणी ठरवत नाही, तळीच ठरवते. मंगेशीच्या तळीच्या पायरीवर बसून चुरमुरे टाकताना लहानपणी आम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही. हा प्रश्न काचेबरोबर आला.

आणि त्याचे पहिले नीट उत्तर दिले लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाने. रॉबर्ट वॉरिंग्टन त्याचे नाव. मार्च १८५० मध्ये त्याने केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. सुमारे बारा गॅलनचे काचेचे भांडे, अर्धेच भरलेले. तळाशी वाळू, माती आणि काही दगड, व्हॅलिस्नेरियाचे एक रोप, आणि दोन लहान गोल्डफिश. वनस्पती प्राणवायू सोडतात आणि प्राणी तो घेतात हे तोवर ठाऊक होते. दोघांना एका भांड्यात ठेवले तर हिशेब जुळतो का, हे त्याला पाहायचे होते. जुळला, पण लगेच नाही. रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने खाल्ली, पाणी निवळले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना खायला मिळाली. वॉरिंग्टनच्या भांड्यात तिसरा भिडू आला आणि खेळ जमला.

मी हे वाचले तेव्हा सरळ कागद-पेन्सिल घेतली. बारा ब्रिटिश गॅलन म्हणजे साडेचोपन्न लिटर. माझी पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच, म्हणजे ५४ लिटर. त्याचे भांडे आणि माझी पेटी एकाच मापाची! त्याने दोन मासे ठेवले, तेही लहान. मी नऊ. आणि माझ्याकडे शेवटी उरले किती? दोन.

पुढे ही हौस वाऱ्यासारखी पसरली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉसचे 'दि अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि तो शब्द घरोघर झाला. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. माझ्या पिढीतल्या कितीतरी गोवेकरांनी मुंबईला गेल्यावर राणीचा बाग आणि तारापोरवाला पाहिल्याशिवाय परतीची बोट पकडली नाही. पण सार्वजनिक मत्स्यालयात मागे मोठे पंप आणि गाळण्या असतात, त्या प्रेक्षकाला दिसत नाहीत. घरी आल्यावर आपल्याला आठवतात ते फक्त मासे.

हौशी लोकांनी मग ठोकताळे बांधले. अमेरिकेतला ठोकताळा असा की एका गॅलनला एक इंच मासा. तोंडपाठ करायला सोपा, म्हणून अजून चालतो. पण त्यात खोट आहे. मासा फक्त लांबीने वाढत नाही, रुंदीने आणि जाडीनेही वाढतो. दोन इंची माशाचा चार इंची झाला तर त्याचे वजन दुप्पट नव्हे, आठपट होते. त्या हिशेबाने दहा गॅलनमध्ये एक-एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचाचा एक मासा सारखेच! प्रत्यक्षात तो एकटा त्या दहांच्या शंभरपट भारी असतो.

ब्रिटिश पुस्तकांतला हिशेब मला जास्त शहाणा वाटतो. ते पाणी किती हे विचारत नाहीत, पाण्याचे तोंड किती उघडे आहे हे विचारतात, कारण प्राणवायू तिथूनच आत शिरतो. उष्ण प्रदेशातल्या लहान माशांसाठी अडीच सेंटिमीटर लांबीला ७५ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, शेपूट सोडून. गोल्डफिशसाठी तेवढ्याच लांबीला सुमारे १९०. माझ्या पेटीचा पृष्ठभाग १८०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे गप्पी, झेब्रा यांसारखे मासे सगळे मिळून साठ सेंटिमीटर भरतील इतके, चार सेंटिमीटरचे पंधरा. आणि गोल्डफिश? एकूण चोवीस सेंटिमीटर. माझे नऊ मासे, प्रत्येकी पाच सेंटिमीटर धरले तरी, पंचेचाळीस भरत होते. शिवाय गोल्डफिश पाच सेंटिमीटरवर थांबत नाही. साधा गोल्डफिश वाढला तर वीस सेंटिमीटरच्याही पुढे जातो. या हिशेबातून एक मजेशीर गोष्ट निघते. सिनेमात दिसतो तो गोल काचेचा गोळा गळ्यापर्यंत भरला तर त्याचा पृष्ठभाग बशीएवढा उरतो. अर्धा भरला तरच सर्वांत जास्त. पाणी वाढवले की माशाची हवा कमी होते!

पण लंडनचा हिशेब पणजीला किंवा हैदराबादला तसाच्या तसा लावता येत नाही, आणि हे आपल्या दुकानांत कुणी सांगत नाही. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात २५ अंशाला जेमतेम आठ. पाणी जितके गार तितका प्राणवायू जास्त मावतो. १० अंशाला अकराच्या वर, ३० अंशाला साडेसात. आणि पाणी तापले की माशाची गरज मात्र वाढते, दहा अंशांना साधारण दुपटीने. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या दिवाणखान्यातल्या पेटीचे पाणी ३० अंशांवर असते. म्हणजे गार पाण्यातल्या या जीवाची मिळकत घटलेली आणि खर्च वाढलेला. रात्री दिवा मालवला की पेटीतली खरी झाडेही प्राणवायू द्यायचे थांबून घेऊ लागतात. म्हणून मासे पहाटे वर येतात. ती भूक नसते.

हवेचा पंप होता की, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पंपाच्या बुडबुड्यांतून थेट मिळणारा प्राणवायू थोडा, बुडबुडे पृष्ठभाग ढवळतात त्याचा उपयोग जास्त. पण माझ्या माशांना मारले ते बहुधा दुसऱ्याच गोष्टीने. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो, आणि तो त्याला स्वतःला विषारी असतो. तळ्यात, नदीत एक जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवले की हे काम सजीवच करतात, आणि विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे काढले. वॉरिंग्टनला यांतले काहीच ठाऊक नव्हते. पण तळ्यातली माती, दगड, रोप आणि गोगलगायी यांच्याबरोबर हे अदृश्य कामकरी त्याच्या भांड्यात आपसूक आले होते. माझ्या पेटीत धुतलेले रंगीत खडे, प्लास्टिकचे झाड आणि नळाचे क्लोरीन घातलेले पाणी. कामकरी यायच्या आधीच नऊ माशांचे घाण काढायचे काम उभे राहिले. नव्या पेटीत ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी चार तासही दिले नव्हते.

काळ्या माशाने घरावरचे अरिष्ट घेतले हे खरेच होते म्हणायचे. फक्त ते अरिष्ट मीच आणलेले होते. आणि या समजुतीचे मला सर्वांत वाईट वाटते ते हे की तिच्यामुळे मेलेला मासा पाहून कुणी पाण्याकडे बघतच नाही. मासा मेला की आनंद मानायचा आणि दुसरा आणायचा!

मरळीसारखी हवा पिणारे काही मासे घरातही पाळले जातात. फायटर आणि गुरामी हे त्याच वळणाचे. म्हणून तर दुकानात फायटर चहाच्या ग्लासाएवढ्या बरणीत विकायला ठेवलेला असतो आणि तरी जिवंत दिसतो. पण हवा वरून मिळाली तरी अमोनिया खाली साचतोच. टबातली मरळ संध्याकाळपर्यंत जगायची असते, घरातल्या माशाला वर्षे काढायची असतात. विक्रेत्याचा हिशेब संध्याकाळपर्यंतचा होता, आणि तेवढ्यापुरता तो अगदी बरोबर होता.

हैदराबाद आणि घरातले पाणी यांचे आणखी एक नाते आहे. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. त्याच्या नावाची संस्था बेगमपेठेत आहे. (बेगमपेठ वेगळी, बेगम बाजार वेगळा. मी एकदा रिक्षाने चुकून तिकडे गेलो आहे.) त्यानंतर साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडायची पद्धत जगभर आली आणि गप्पी आपल्याकडे आला तो शोभेपेक्षा या कामासाठी. १८६६ मध्ये त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांचे नाव त्याला चिकटले. गोव्यात नव्वदच्या दशकात मलेरियाने थैमान घातले तेव्हा कांदोळी भागात टाक्यांत आणि विहिरींत सोडलेला मासा मात्र इथलाच, 'अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी' नावाचा, बोटाच्या पेराएवढा. आमच्या आजोबांनी घरच्या बांयत दोन मासे सोडले होते ते कुठल्या जातीचे, देव जाणे. घागरीबरोबर एखादा वर आला की आजी त्याला हलकेच परत सोडायची. "तो आहे म्हणून पाणी आहे," म्हणायची. तिने वॉरिंग्टन वाचला नव्हता.

तर त्या सकाळी बेगम बाजारातून परतताना मी नातीला शंभराचे उत्तर दिले नाही. घरी आल्यावर कागदावर पेटी काढली, पाण्याचे तोंड रंगवायला लावले आणि तिच्याकडूनच भागाकार करून घेतला. उत्तर पंधरा आले. मग मी हैदराबादचा उन्हाळा म्हणून त्यातले पाच वजा केले. ती रुसली. गोल्डफिश अजिबात नको म्हटल्यावर तर जास्तच रुसली. आजोबांनी मध्यस्थी केली आणि ठरले ते असे: दोन फुटी पेटी, खरी झाडे, स्पंजची गाळणी, आणि पहिले सहा आठवडे फक्त चार झेब्रा मासे. झेब्रा आपल्याच देशातला, चिवट आणि चपळ. त्याला सोबतीशिवाय करमत नाही, म्हणून पुढे हळूहळू दहापर्यंत. दर आठवड्याला पाव पेटी पाणी बदलायचे आणि ते आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचे. गप्पी आणायचे नाहीत, कारण गप्पीची मादी दर महिन्याला पिले देते. मग पेटीत किती मासे हे तुम्ही ठरवत नाही, ती ठरवते.

परवा तिचा फोन आला. सहा आठवडे संपले होते, चारही मासे धडधाकट होते, आणि तिला आणखी सहा एकदम आणायचे होते. मी म्हटले, दोन आण, मग पंधरा दिवस थांब. "पण आजोबा, जागा तर खूप आहे!" मी तिला विचारले, पहाटे उजाडायच्या आत मासे कुठे असतात, वर की खाली? फोनवर शांतता. मग ती म्हणाली, "मी उद्या लवकर उठून बघते आणि सांगते."